चौदा सप्टेंबर, ऊन

"किती?" मियाओ आयीनं खिडकीतून विचारलं.

"एकशे बहात्तर."

"आणि लागतात किती?"

"एकशे ऐंशी."

तिनं काच पूर्ण सरकवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "आत ये. पायरीवर बसून रडू नकोस. येणाऱ्याजाणाऱ्यांना अडचण होते."

चीनमधल्या हनान प्रांतात, एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहाची ती पायरी. मी चौथं वर्ष संपवलं होतं आणि चिनी भाषेच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाले होते. आमचं शिक्षण इंग्रजीतून चालायचं, पण वॉर्डातले पेशंट इंग्रजी कुठून बोलणार? म्हणून ही परीक्षा. नियम सरळ होता. डिसेंबरमध्ये शेवटची संधी. पास नाही तर वॉर्ड नाही, वॉर्ड नाही तर पदवी नाही, आणि चार वर्षं पाण्यात. इकडे गंगाखेडला बाबांनी दारावर डॉक्टरच्या पाटीसाठी खिळे ठोकून ठेवले होते. पाटी नव्हती, खिळे होते. सुट्टीत घरी गेले की येताजाता ते दिसायचे.

आयी म्हणजे मावशी. आम्हा मराठी मुलींना परक्या बाईला तशी हाक मारणं सुरुवातीला अवघड जायचं, मग सवय झाली. मियाओ आयी आमच्या वसतिगृहाचं दार सांभाळायची. किल्ल्या, रजिस्टर, आलेली पार्सलं, कुणाचा नळ गळतो, कुणाचा हीटर बंद, सगळं तिच्याकडे. वय अठ्ठावन्न. त्याआधी वीस वर्षं ती एका खेड्यात तिसरीच्या वर्गाला शिकवत होती. पोरं कमी होत गेली, शाळा बंद पडली आणि ती शहरात या काचेमागे येऊन बसली.

"चुकतं कुठं?" तिनं विचारलं.

"द," मी म्हणाले.

चिनीत तीन द आहेत. उच्चार एकच, अक्षरं तीन. एक आपल्या चा-ची-चे सारखा. दुसरा क्रियापदाच्या आधी येतो, एखादी गोष्ट कशी केली ते सांगताना. तिसरा क्रियापदाच्या नंतर, ती करणं कसं झालं ते सांगताना. सांगायला एवढंच आहे. पण कागद समोर आला की माझ्या हातून तिघेही एकमेकांच्या जागेवर जाऊन बसत, आणि एकाला उठवलं की दुसरा बसे. दोन्ही परीक्षांत माझे सगळ्यात जास्त गुण तिथंच गेले होते.

आयी हसली. "हे तर मी तिसरीच्या पोरांना शिकवायचे. पांढऱ्या चमच्याचा द, मातीचा द आणि दोन माणसांचा द." त्या अक्षरांत ती ती चिन्हं असतात, त्यावरून तिकडच्या शाळेत पडलेली ही नावं. "परवापासून ये. सकाळी साडेसहाला दार उघडलं की अर्धा तास मी मोकळी असते."

परवापासून वही सुरू झाली. चौकटींची वही, तिच्या शाळेतली उरलेली. पानाच्या माथ्यावर तारीख आणि शेजारी त्या दिवशीची हवा: ऊन, ढग, वारा, धुकं. तिथली पोरं रोजनिशी अशीच लिहितात, आणि त्याशिवाय तिचा हात पुढं सरकायचा नाही. खाली दहा वाक्यं. प्रत्येक वाक्यात एक रिकामी जागा. मी भरायची, तिनं लाल पेनानं तपासायचं.

चौदा सप्टेंबर, ऊन. एक, मी मांतो हळूहळू …… खाते. दोन, काल…… मांतो कडक होता. तीन, आज माझं खाणं झालं …… फार सावकाश.

मांतो म्हणजे वाफवलेला पांढरा गोल पाव. आयीचा रोजचा नाश्ता तोच, सोबत राळ्याची पेज. पहिल्या दिवशी माझी दहापैकी सहा वाक्यं चुकली. मी वहीवर डोकं टेकवलं. आयीनं अर्धा मांतो मोडून माझ्यापुढं सरकवला.

"खा. उपाशीपोटी काही शिरत नाही डोक्यात."

"आणि तुम्ही?"

"मला पुरे झालं."

मी खाल्ला. मला भूक होतीच.

मला आयुष्यात एकच विद्या येत होती, घोकंपट्टी. दहावीचा भूगोल, बारावीचं जीवशास्त्र, सगळं मी तशीच तरून गेले होते. मथळ्यापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत, मध्ये काही गाळायचं नाही. गाळलं की गाडी अडते. म्हणून आयीची पानंही मी तारखेसकट, हवेसकट पाठ केली. रोज संध्याकाळी मैदानाला फेऱ्या घालत बे एके बेच्या चालीवर म्हणायची. माझ्या खोलीत उदगीरची निलोफर राहायची. ती पहिल्याच फटक्यात पास झालेली. एकदा ती माझ्याबरोबर फिरायला आली.

"काय बडबडायलीस गं?"

"वाक्यं."

"अर्थ तरी कळायलाय का?"

"अर्थाचं काय करायचंय? द कुठला ते कळलं म्हणजे झालं."

"रेणुका, तुझं डोकं फिरायलंय बघ," ती म्हणाली.

फिरलंच होतं. आंघोळ करताना मी भिंतीवर बोटानं द लिहायची. जेवणाच्या रांगेत पुढच्या मुलीच्या पाठीवर लिहायची, हवेतल्या हवेत. केस मुठीमुठीनं गळायला लागले. आमच्या पुढच्या वर्गातला एकजण आधीच्या वर्षी असाच तिसऱ्यांदा नापास होऊन परत गेला होता. आता तो नांदेडला मोबाइलच्या दुकानात असतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याचं नाव आम्ही कुणी काढत नव्हतो. देवावर माझा फारसा विश्वास नाही, तरी मी त्या दिवसांत आईला फोनवर म्हणाले, "तू देव पाण्यात घालून बस." ती म्हणाली, "जूनपासून पाण्यातच हायत."

ऑक्टोबर उजाडला. नऊ ऑक्टोबर, ढग. मी मांतो पेजेत बुडवून नीट …… खाते. सव्वीस ऑक्टोबर, वारा. मी नूडल्स गिळते …… फार कष्टानं. तीन नोव्हेंबर, धुकं. मी इतकी बारीक झाले …… की विजार घसरते. माझ्या बरोबर वाक्यांची संख्या सहावर गेली, मग आठवर, मग नऊवर. नऊ झाली त्या दिवशी आयीनं पानाखाली लाल फूल काढलं, तिसरीतल्या पोराला काढतात तसं. मी ते फूल निलोफरला दाखवलं. बाकी पानाकडे मी पाहिलंसुद्धा नाही. ही सगळी वाक्यं 'मी'नं सुरू होत होती. पण व्याकरणाच्या वहीतला 'मी' म्हणजे कुणीच नसतो, अशी माझी समजूत होती.

नोव्हेंबरात आयी मला अख्खा मांतो द्यायला लागली. स्वतः पेजेचा वाडगा दोन्ही हातांत धरून घोटघोट प्यायची आणि प्रत्येक घोटानंतर जरा थांबायची. मला वाटायचं, मी वाक्य भरेपर्यंत ती थांबते. काळजीनं माणूस वाळतं म्हणतात. मी त्या दोन महिन्यांत तीन किलोंनी वाढले.

मला प्रश्न विचारता येत नव्हते, असं कुणी समजू नये. त्याच आठवड्यात बाबांचा व्हिडिओ कॉल आला. परळीच्या एसटी कार्यशाळेतून ते आत्ताच घरी आले होते, अंगावर खाकी तशीच.

"काय म्हंतंय तुझं चिनी?"

"चाललंय, बाबा."

"बरं, जरा कुंताकाकूला बघ. खोकला जाईना गेलाय तिचा."

कुंताकाकू आमच्या शेजारी राहायच्या. त्यांचा चेहरा फोनमध्ये आला, फक्त कपाळ आणि एक डोळा. मी विचारलं, किती दिवसांपासून? संध्याकाळी अंगात कणकण असते का? वजन कमी झालंय का? जेवण जातं का? मी तीन-तीनदा विचारलं, त्यांनी सांगितलं ते लिहून घेतलं, आणि दुसऱ्याच दिवशी थुंकी तपासायला पाठवलं. क्षय निघाला. वेळेत औषध सुरू झालं. बाबांनी कार्यशाळेभर सांगितलं, पोरीनं इतक्या लांबून वळखलं म्हणून.

सोळा नोव्हेंबरला महाविद्यालयानं सराव परीक्षा घेतली. मला एकशे एकाहत्तर पडले. दोन महिने पहाटे उठून, घोकून, केस गाळून, मागच्यापेक्षा एक कमी. खरी परीक्षा तीन आठवड्यांवर होती. मी खोलीत जाऊन पलंगावर बसले आणि सरळ मनाशी ठरवलं की हे आपल्याच्यानं होत नाही. गंगाखेडच्या स्टँडवर उतरल्यावर पहिल्यांदा कोण भेटेल, काय विचारेल, हेसुद्धा ठरवून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आयीकडे गेले ती तशीच, तोंड न धुता.

वही उघडी होती. सतरा नोव्हेंबर, ढग. एक, मी पेज पिते …… तीसुद्धा हळू. दोन, पाणी घशातून उतरतं …… फार अवघड.

मी पेन टेबलावर टाकलं.

"आयी, रोज हे काय? खाणं, गिळणं, घसा. पेज, पाणी. परीक्षेत यातलं काही येत नाही. माझे तीन आठवडे उरलेत."

तिनं लाल पेनाचं टोपण लावलं. तिचा हात बारीक दिसत होता, एवढं मला दिसलं.

"काय येतं परीक्षेत?"

"विमानतळ येतो. नोकरीची मुलाखत येते. सहल येते. हवामान येतं. तसली वाक्यं द्या ना. ही कोण विचारणार आहे मला?"

तिनं वहीचं पान उलटलं. आवाज बसल्यामुळं ती हल्ली कमीच बोलायची. मग म्हणाली, "बरोबर आहे तुझं. उद्या तसली देते."

अठरा नोव्हेंबर, ऊन. एक, विमान हळूहळू …… उडालं. दोन, माझं …… तिकीट खिशात आहे. तीन, मुलाखतीला आलेली मुलगी बोलली …… फार छान.

आयीनं विमानतळ कधी पाहिला नव्हता. विमान हळूहळू उडत नाही हे मी तिला सांगितलं नाही. मी मातीचा द भरला, तो बरोबर होता, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा दहापैकी दहा मिळाले. त्यानंतर परीक्षेपर्यंत विमानतळ, स्टेशन, बॉस, बर्फ आणि सहल. खाण्याचं एकही वाक्य परत आलं नाही.

सहा डिसेंबरला परीक्षेला निघाले तेव्हा आयी दारापर्यंत आली. माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. "दोन माणसांचा आधी शोध," ती म्हणाली. "तो सापडला की बाकीचे दोघं आपोआप जागेवर बसतात." मी मान हलवली आणि पळाले.

निकाल सात जानेवारीला लागला. एकशे शहाण्णव. मी आकडा तीन वेळा वाचला, निलोफरला वाचायला लावला, मग जिन्यावरून उड्या मारत खाली आले. काचेमागे दुसरीच बाई बसली होती.

"मियाओ आयी?"

"रजेवर आहे. महिना झाला."

"कधी येईल?"

"मला काय माहीत? पार्सल आहे का तुझं?"

पार्सल नव्हतं. मी बाहेर येऊन बाबांना फोन लावला. ते फोनवर रडले, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी पाटी करायला टाकली. आयीचं गाव कुठलं, तिच्या मुलाचा नंबर कुणाकडे आहे, हे मी त्या बाईला विचारलं नाही. महिनाभर ती दारात नव्हती, हे तोवर माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. मी रोज त्याच दारातून जात-येत होते.

पुढचं सांगण्याआधी एक सांगून टाकते. मियाओ आयी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारली, तिच्या मुलाच्या गावी. हे आधीच सांगते, म्हणजे शेवटी काही चमत्कार होईल म्हणून कुणी वाट बघायला नको. त्या वाक्यांतून ती मला मुद्दाम काही सांगत होती, की जे समोर होतं त्याची वाक्यं बनवत होती, हेही मी तिला विचारलं नाही. विचारायला माझं तोंड नव्हतं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मला वॉर्ड मिळाला. पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र, हातात छापील फॉर्म. विभाग अन्ननलिका आणि जठराचा. मोठे डॉक्टर शांग कमी बोलणारे आणि त्याहून कमी हसणारे. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "तू परदेशी ना? बघू किती चिनी येतं. एकतीस नंबरच्या खाटेवर कालच आलेली बाई आहे. तिची माहिती घे. मी शेजारी उभा राहतो."

खाटेवर मियाओ आयी होती.

मी तिला आधी आवाजावरून ओळखलं, चेहऱ्यावरून नाही. चेहरा निम्मा राहिला होता. हाताला सलाईन. उशाशी एक चाळिशीचा माणूस टोपी हातात घेऊन उभा होता, तिचा मुलगा.

"किती?" तिनं विचारलं.

"एकशे शहाण्णव."

तिनं पांघरुणातून अंगठा वर केला.

"गप्पा नंतर," डॉक्टर शांग म्हणाले. "विचार."

मी फॉर्मवरचा पहिला प्रश्न वाचला. आवाज माझाच होता, उच्चार चांगले होते. "तुम्हाला काय त्रास होतो?"

"विशेष काही नाही," आयी म्हणाली. "मी मांतो हळूहळू खाते, एवढंच."

"कालचा मांतो कडक होता," हे पुढचं वाक्य माझ्या ओठांवर आलं. एखाद्यानं पाढ्याची पहिली ओळ म्हणावी आणि आपल्या तोंडून दुसरी यावी, तसं. आणि मग तिसरं आलं, मग दुसऱ्या पानाचं पहिलं, आणि ते थांबेनात. त्यांच्या मागून आणखी एक पान आलं, इंग्रजीतलं, तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकातलं. अन्ननलिकेच्या कर्करोगात आधी घन पदार्थ अडतात, मग मऊ, मग पातळ; वजन झपाट्यानं उतरतं; आवाज बसतो. तेही मला पाठ होतं. त्या प्रश्नाला मी पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. दोन्ही पानं चार महिने माझ्याच डोक्यात शेजारी शेजारी पडून होती, आणि मी एकदाही एकावरून मान वळवून दुसऱ्याकडे पाहिलं नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आत्ताच. पंधराएक दिवस झाले असतील." तिनं मुलाकडे पाहिलं. मुलानं घाईनं मान हलवली.

डॉक्टर शांगनी माझ्या फॉर्मकडे बोट केलं. "लिही. पंधरा दिवस."

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही?"

"पंधरा दिवस नाही." मला थांबता येणं शक्य नव्हतं, आणि मला येत होतं त्याच एका पद्धतीनं मी बोलायला लागले, मथळ्यापासून. "चौदा सप्टेंबर, ऊन. मी मांतो हळूहळू खाते. नऊ ऑक्टोबर, ढग. मी मांतो पेजेत बुडवून नीट खाते. सव्वीस ऑक्टोबर, वारा. मी नूडल्स गिळते ते फार कष्टानं. तीन नोव्हेंबर, धुकं. मी इतकी बारीक झाले की विजार घसरते. सतरा नोव्हेंबर, ढग. मी पेज पिते तीसुद्धा हळू. पाणी घशातून उतरतं ते फार अवघड."

एकही द चुकला नाही. शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली होती.

"त्यानंतर?" डॉक्टर शांगनी विचारलं.

"त्यानंतरचं मला माहीत नाही. त्यानंतर विमानतळ होता."

त्यांनी चष्मा काढला. "हे सगळं तुला कुणी सांगितलं?"

"यांनीच. रोज सकाळी."

"सप्टेंबरपासून?"

"हो."

"सप्टेंबरमध्ये ही बाई आली असती, तर मी शस्त्रक्रिया केली असती." हे ते रागावून बोलले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "तू वैद्यकीची विद्यार्थिनी आहेस. रोज ऐकत होतीस. मग तू काय केलंस?"

मुलगा माझ्याकडे बघत होता. मी फॉर्मकडे बघत होते. 'कधीपासून' या शब्दापुढं एक रिकामी जागा होती.

"रिकाम्या जागा भरल्या," मी म्हणाले.

आयीनं सलाईनचा हात पांघरुणाबाहेर काढला आणि माझ्या कोटाची बाही धरली. तिला श्वास घ्यायला वेळ लागला.

"डॉक्टर, तिला बोलू नका," ती म्हणाली. "तिची परीक्षा होती."